आधीच्याचं काम

लोहचुंबक दाराला लावलं,
ते घसरून माझ्या पायावर पडलं.
म्हणजे दार लोखंडाचं नाही, पुट्टीचं.
गोराईच्या लोपीसबाई म्हणाल्या, पण रंग तर छान आहे.
म्हटलं, रंगाला काय जातंय.

दारुखान्यात माझी शेड. पलीकडे जहाजं कापतात,
त्यामुळे इथली प्रत्येक वस्तू
मरून दुसऱ्या कशात तरी जायच्या वाटेवर.
त्यात ही चौऱ्याऐंशीची जीप.
आरसी पुस्तकात सहा नावं,
सहाव्याखाली पाण्याचा डाग. बहुधा सातवं.

छिन्नी घेतली.
पुट्टीखाली तेलाच्या डब्याचा पत्रा,
त्यावर अजून वाचता येत होतं: शुद्ध.
त्याखाली डांबरात बुडवलेलं गोणपाट.
त्याखाली काहीच नाही, हात सरळ बाहेर गेला
आणि बाहेरून निलूने तो धरून हलवला.

डिझेलच्या पाइपाजागी सलाईनची नळी.
(कुणाच्या उशाची? तो उठला का?)
फ्यूजजागी खिळा.
खिळा जळत नाही. बाकीचं जळतं.

बाईंना डोंगर चढायचेत.
फोर बाय फोर आहे ना?
दांडा आहे, मी म्हटलं.
दांडा पुढे जातो, मागे येतो, खट्ट वाजतो.
खाली सरकून बघितलं तर पुढचा शाफ्टच नाही.
कुणीतरी काढून विकला,
आणि खट्ट वाजावं म्हणून
आत एक पट्टी डागून ठेवली.
खोटं बोलायला एवढी मेहनत!
त्या माणसाला आधी चहा पाजावासा वाटला,
मग कानाखाली.

परकार उस्ताद सांगायचे,
बॉनेट उघडलं की पहिलं म्हणायचं, 'हे कुणी केलं?'
मग पाना उचलायचा.
गिऱ्हाइकाला धीर येतो.
चार दिवस मी तेच म्हणत होतो,
मनापासून.

पाचव्या दिवशी डॅशबोर्डखाली उताणा पडलो.
हेडलाइटच्या वायरीला जोड. निळी टेप,
वर मेणदोरा, दोन वेढे,
शेपूट डावीकडून आत खोचलेलं.
उजव्या हाताचा माणूस अशी गाठ मारत नाही.
मी डावरा.

सोळा वर्षांचा होतो. रात्रीचे तीन.
भाऊच्या धक्क्यावरून आलेला, ओल्या चपला,
मागे बर्फात पापलेट, आणि पुढे अंधार.
उस्ताद झोपलेले. त्यांना उठवायची छाती नव्हती.
म्हटलं, क्रॉफर्डपर्यंत जाईल.
तो म्हणाला, तेवढंच जायचंय.
उद्या येऊन नीट करून घे,
हे मी सांगितलं होतं
की सांगायचं राहिलं,
ते आता काही केल्या आठवेना.

निलू वाकून म्हणाला, हे कुणी केलं?
होता एक.
काढू?
काढ.
टेप पापुद्र्यासारखी निघाली. तांबं हिरवंगार,
पण पीळ काही सुटेना, शेवटी पकडीने तोडावा लागला.
तीस वर्षं क्रॉफर्डलाच चालली होती ही.

नवी वायर टाकली, डाग दिला, बाही चढवली.
बिलात लिहिलं: जुनं काम काढणे, तीनशे.
खोडलं.
मग बाईंना खोडलेलं दिसेल म्हणून
कागदच बदलला, आणि या खेपेला
ते तीनशे पुन्हा आले, कसे कोण जाणे.

शाफ्ट कुर्ल्याला मिळाला. बसवला.
गुरुवारी संध्याकाळी माउंटिंगला एक शिम कमी पडली,
दुकानं बंद, बाई शुक्रवारी पहाटे निघणार.
गल्ल्याच्या तळाशी एक पितळी नाणं होतं,
वीस पैशांचं, कमळवालं.
घासलं, भोक पाडलं, बसलं.
अगदी मापाचं बसलं.

माळशेजपर्यंत जाईल, मी म्हटलं.
परत आल्यावर या, नीट करून देतो.
हे सांगितलं.
निलूसमोर सांगितलं.